एक ऋतू आधी : भोर-वेल्ह्याच्या परसबागेचा कारभार

पुण्याच्या बाजारात बागकामावरील जी पुस्तके मिळतात, त्यांतील महिनावार कामांची कोष्टके शहरातल्या गच्चीवरील कुंड्यांना कितीही उपयुक्त असोत, भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या हद्दीत त्यांचा अंमल फारसा चालत नाही. कारण वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणाऱ्या शहराचा अनुभव, जेथे घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि पुढे विहिरींचा तळ दिसू लागतो, अशा मुलखाला जसाच्या तसा लागू करता येत नाही. इतकेच नव्हे, तर या दोन तालुक्यांतही एकच नियम सर्वत्र चालेल असे नाही. वेल्ह्याच्या पश्चिम टोकाला मढे घाटाच्या माथ्यावरील केळद किंवा भोरच्या पश्चिमेस वरंधा घाटाकडे जाणारे हिर्डोशीचे खोरे येथे आषाढात कित्येक दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि त्याच वेळी पुणे-सातारा रस्त्यालगतच्या कापूरहोळ-किकवीकडे लोक एखाद्या चांगल्या सरीची वाट पाहत असतात. म्हणून अमुक तारखेला अमुक पेरावे असे सांगण्यापेक्षा कोणते काम कोणत्या कामाच्या आधी उरकावे, हा क्रम सांगणे अधिक सयुक्तिक होय. आणि त्या क्रमाचे सूत्र, माझ्या मते, असे आहे की येथील बागेत ज्या ऋतूची तजवीज त्याच ऋतूत हाती घेतली, ती उशिराच झाली असे समजावे.

परसबाग हा या मुलखाचा नवा शौक नव्हे. वेल्हे तालुक्याचे नाव बदलून राजगड करण्याचा निर्णय शासनाने ज्या दुर्गावरून घेतला, तो राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. आणि गडांवरील वस्ती कशी नांदवावी याविषयी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात जे विवेचन आहे, त्यात तोफा, तट आणि उदक यांच्या जोडीने केरकचऱ्याचाही विचार केलेला आहे. गडावरील केर तटाखाली न लोटता जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात घालावी आणि तीवर घरोघरी होईल तो भाजीपाला करवावा, अशी त्यातील तरतूद आहे. आंबा-फणसासारखे थोर वृक्ष, लिंबा-नारिंगांसारखी लहान झाडे, फुलझाडे आणि वेली यांची लावणी व जतन यांचाही तेथे स्वतंत्र उल्लेख येतो. राज्यकारभाराच्या ग्रंथात परसातल्या राखेला जागा द्यावी, ही गोष्ट मला या अमात्यांच्या साऱ्या राजनीतीइतकीच वजनदार वाटते. ज्या शंकराजी नारायण सचिवांनी राजारामांच्या काळात याच रामचंद्रपंतांच्या बरोबरीने राज्याचा भार वाहिला, त्यांच्याच घराण्याकडे पुढे १९४८ पर्यंत भोर संस्थान राहिले, हे येथे ओघाने सांगण्यासारखे आहे.

राखेचा हा हुकूम केवळ स्वच्छतेचा नव्हता, हे येथील मातीचा स्वभाव पाहिला म्हणजे कळते. अतिवृष्टीच्या प्रदेशात पावसाचे पाणी मातीतून खाली झिरपताना चुना, पालाश यांसारखी विद्राव्य द्रव्ये बरोबर घेऊन जाते आणि मागे लोहयुक्त, तांबूस व किंचित आम्ल अशी माती उरते. घाटाकडील जांभ्याची व मुरमाड माती ही अशीच, तर नीरा आणि गुंजवणी यांच्या काठची काळसर गाळाची माती त्या मानाने सधन. राखेत पालाश आणि चुना हे दोन्ही अंश असल्यामुळे तांबड्या मातीतून जे वाहून गेले त्याची काही भरपाई ती करते. भाताच्या तरव्यासाठी राब भाजणाऱ्या मावळी शेतकऱ्यालाही राखेचा हा गुण ठाऊक असतो. मात्र केर जाळण्याचे कारण आज उरलेले नाही. पानगळीचा पाला, गुरांचे शेण आणि माती यांचे थर सावलीतील खड्ड्यात रचून ओलसर ठेवले, तर काही महिन्यांत त्याचे खत होते, आणि जाळल्याने जो नत्राचा अंश धुरावाटे उडून जातो तोही मातीत राहतो. चुलीची किंवा न्हाणीच्या बंबाची राख घरात असेलच, तर ती चाळून चौरस मीटरला ओंजळभर या प्रमाणात पसरावी. परंतु ताज्या शेणात किंवा युरियात ती मिसळू नये, कारण राखेच्या क्षारामुळे नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत निघून जाते. आपली बाग काळ्या मातीत असेल, तर राखेची गरज त्याहूनही कमी.

बागेचे वर्ष येथे मृगापासून नव्हे, वैशाखापासून मोजावे. ज्या दिवसांत झाडांकडे पाहवत नाही आणि माणसाला घराबाहेर पडवत नाही, त्याच दिवसांत पावसाळ्याची बहुतेक सारी बेगमी करावी लागते. आंबा-फणसासाठी मीटरभर लांब, रुंद व खोल आणि लिंबा-पेरूसाठी त्याहून लहान असे खड्डे खणून ते काही आठवडे उन्हात तापू दिले, म्हणजे मातीतील किडींची अंडी, कोष आणि रोगांची बीजे बऱ्याच अंशी नष्ट होतात. मग वरच्या थराची चांगली माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांनी खड्डा जमिनीच्या थोडा वर येईल इतका भरून घ्यावा, कारण पहिल्या पावसात ही भर खाली बसते आणि सपाट भरलेल्या खड्ड्याची खळगी होऊन तीत पाणी साचते. पाण्याचे चर, म्हणजे छपराच्या पन्हाळीपासून कुंपणाबाहेरच्या ओघळीपर्यंतची वाट, याच वेळी उतार पाहून खणावेत. वेलींच्या मांडवाच्या मेढीही कोरड्या जमिनीत हातभर खोल रोवून ठोकून बसवाव्यात. आषाढातील पश्चिमेचा वारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना भिजलेल्या मातीत घाईने रोवलेल्या मांडवाची गत सांगायला नको. अक्षय्यतृतीयेला वेलभाज्यांची आळी करून बी टोकण्याची चाल ज्या घरांतून आहे, तेथे घराजवळच्या एकदोन आळ्यांना वापराचे पाणी घालून दोडका, घोसाळे, काकडी यांचे वेल पावसापूर्वीच हातभर वाढवून घेतात, आणि मृगात बी टोकणाऱ्यांच्या आधी त्यांच्या वेलींना फळ धरते.

वळिवाच्या पहिल्या एकदोन सरींनंतर आणखी एक काम निघते, ज्याची वेळ चुकली की वर्षभर पस्तावावे लागते. हुमणीचे भुंगेरे या सरींनी जमिनीतून बाहेर पडतात आणि तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या झाडांवर पाला खाण्यासाठी गोळा होतात. त्या वेळी खाली कापड अंथरून फांद्या हलवाव्यात आणि पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. हे काम शेजारच्या चार घरांनी मिळून केले तरच त्याचा उपयोग. एकट्याच्या परसातले भुंगेरे मारून शेजारचे मोकळे सोडणे व्यर्थ होय. पुढे याच भुंगेऱ्यांच्या अंड्यांतून निघणाऱ्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या मुळे खातात आणि भर पावसात झाड का सुकते याचे कोडे मालकाला सुटत नाही.

पावसाळा सुरू झाला की बागकाम म्हणजे लावणी, असा समज सार्वत्रिक आहे. घाटाकडच्या गावांत मात्र पावसाळ्यातील मुख्य काम पाणी घालवण्याचे. झाडाच्या मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते आणि मातीतील रंध्रे पाण्याने भरून गेली की ती हवा हद्दपार होते. मुळे गुदमरतात, कुजतात, आणि पाने पिवळी पडलेली पाहून मालक अधिक खत घालतो, जे दुसऱ्याच दिवशी ओढ्याला मिळते. म्हणून वाफे गादीसारखे वीतभर उंच करावेत, कुंड्या विटांवर ठेवून त्यांच्या तळाची भोके मोकळी आहेत की नाहीत हे दर आठवड्याला पाहावे, कुंड्यांखालच्या ताटल्या डासांची पैदास होऊ नये म्हणून सरळ उचलून ठेवाव्यात, आणि खत द्यायचेच तर पावसाच्या उघडिपीत थोडे थोडे, विभागून द्यावे. तुळस श्रावणात मरते ती देवाच्या कोपाने नव्हे. पुष्कळ घरांतील वृंदावनांना तळाशी पाणी निघून जायला वाटच ठेवलेली नसते. जुन्या वृंदावनाला बाजूने एक भोक पाडून तळाशी विटांचे तुकडे घातले, तर ती तक्रार बव्हंशी मिटते.

ढगाळ हवेत फळभाज्या रुसतात, कारण फूल आणि फळ यांना लागणारा सूर्यप्रकाश त्यांना मिळत नाही. टोमॅटो, वांगी यांचा हट्ट वेल्ह्याच्या पश्चिम भागात आषाढात धरू नये. त्या दिवसांत जे आपखुशीने येते त्याची यादी पाहावयाची असेल, तर ऋषिपंचमीच्या भाजीकडे पाहावे: अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, मका. बैलाच्या श्रमाचे काहीही त्या दिवशी खायचे नाही, हा जो दंडक आहे त्याचा धार्मिक अर्थ काहीही असो, नांगराविना, केवळ हाताच्या खुरप्यावर भाद्रपदात किती पिकू शकते याची ती दरसाल होणारी तपासणी आहे. ज्या गृहिणीला ती भाजी बाजारात न जाता करता आली, तिचा परस उत्तीर्ण झाला असे मी समजतो.

याच काळात शत्रूही अनेक. गोगलगाई रात्री फिरतात आणि दिवसा ओलसर अडगळीत दडतात. संध्याकाळी ओली बारदाने वाफ्यांच्या कडेला पसरून ठेवावीत आणि सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, यापेक्षा खात्रीचा उपाय घरगुती बागेला नाही. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या पुढे सुंदर फुलपाखरे होतात. झाड मोठे असेल तर त्यांना खाऊ द्यावे, रोप लहान असेल तर हाताने वेचाव्यात. पानांवरील करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांना बोर्डो मिश्रण हे जुने औषध अजूनही चांगले. घरच्या प्रमाणात सांगायचे तर १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवून एकत्र ओतावे. त्यात स्वच्छ लोखंडी सुरी बुडवली असता तिच्यावर तांबूस लेप चढला, तर चुना कमी पडला असे जाणून तो थोडा वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी वापरावे आणि फवारणीसाठी उघडीप निवडावी. वास्तविक पहिला हात पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीसच दिलेला बरा. रोग दिसल्यावर हे औषध त्याला आवरू शकते, परतवू शकत नाही.

पावसाच्या धारांत उभे राहून दसऱ्याचा विचार ज्याने केला, त्यालाच घरचा झेंडू तोरणाला मिळतो. झेंडूचे बी जुलैच्या उत्तरार्धात छपराखाली, खोक्यात किंवा परातीत पेरावे आणि महिन्याभराची रोपे उंच वाफ्यावर लावावीत. शेवंतीचे शेंडे याच सुमारास खुडले म्हणजे ती फुटते आणि बहर दाट येतो. शेवंतीविषयी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: रात्र पुरेशी लांब झाल्याखेरीज ती कळी धरत नाही, आणि रात्रीच्या अंधारात मधूनच प्रकाश पडला तर त्या रात्री तिच्या लेखी तुटून जातात. ओसरीवरच्या किंवा रस्त्याच्या दिव्याखालची शेवंती नुसतीच हिरवी राहते त्याचे हे कारण. तिला खत नको, अंधार हवा.

हस्ताचा पाऊस ओसरून चित्रा नक्षत्र लागले की हवेत उष्मा येतो आणि जमिनीतील ओल झपाट्याने उडू लागते. नव्या बागवानाची खरी परीक्षा मी ऑक्टोबरमध्ये मानतो, मे महिन्यात नव्हे. कारण मे महिन्यात सारेच जपतात, पण दसऱ्याला सभोवार हिरवे दिसत असताना ओल निघून चालली आहे हे ध्यानी येत नाही. वरची माती खुरप्याने हलकी मोकळी करून तिच्यावर भाताचा पेंढा, वाळलेले गवत किंवा पाला यांचे चार बोटे जाडीचे आच्छादन याच वेळी घालावे. उन्हाळ्यात घातलेले आच्छादन कोरडेपणा झाकते, ऑक्टोबरमध्ये घातलेले ओल राखते. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास केली, म्हणजे सुमारे दीड महिन्याने, थंडी स्थिरावताच फुले येतात. मेथी, पालक, मुळा, लसूण यांचे वाफे आणि फोडून दोन फाकी केलेल्या धण्यांची पेरणी हेही याच हंगामातले. आणि बांधालगत उरलेल्या ओलीवर पावटा-वाल टोकला, तर त्याला फारसे पाणीही लागत नाही.

येथील हिवाळा पुण्याहून वेगळा आहे. डोंगरउतारांवरील थंड हवा रात्री जड होऊन खोऱ्यात उतरते, त्यामुळे गुंजवणी, कानंदी, वेळवंडी यांच्या काठच्या सखल परसांत दव आणि धुके अधिक, तर उंचावरच्या ओट्यावरील कुंड्यांना त्याच रात्री थंडी कमी लागते. अशा सखल जागी पाणी सकाळी द्यावे, संध्याकाळी पाने भिजवू नयेत. गुलाबावर आणि आंब्याच्या मोहरावर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसू लागली, तर पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारावे, मात्र ऊन तापल्यावर ते वापरू नये. फळणाऱ्या आंब्याचे पाणी पावसाळा संपताच बंद करून फळे वाटाण्याएवढी झाल्यावर पुन्हा सुरू करावे. थंडीत मिळणारी ही विश्रांती मोहराला पोषक असते, आणि मायेने पाणी देणाऱ्याच्या झाडाला मोहराऐवजी पालवी फुटते. मोगऱ्यालाही असाच ताण देऊन डिसेंबरअखेर छाटावे, म्हणजे उन्हाळ्यात फुले मिळतात.

राहिला उन्हाळा. भोर तालुक्यातील भाटघर धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडचे ऊस पिकवले. पुढे नीरा देवघर, वेल्ह्यात पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशी धरणे झाली. आणि तरीही फाल्गुन उलटला की डोंगरावरच्या वाड्यांतून स्त्रिया हंडे घेऊन उतरतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथे म्हण राहिलेली नाही. अशा मुलखात पिण्याच्या पाण्यावर बाग करणे मला अनुचित वाटते. मोरीचे सांडपाणी केळी, कर्दळ आणि अळू यांच्याकडे वळवण्याची जुनी रीत सर्वोत्तम. नव्या झाडांजवळ भाजलेले, पण झिलई न दिलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते दोनतीन दिवसांनी भरले, तर पाणी झिरपत थेट मुळांना मिळते आणि वाऱ्या-उन्हाचा वाटा त्यातून कापला जातो. पानशेत आणि गुंजवणीच्या परिसरात पुण्याहून येऊन घरे बांधणाऱ्यांनी हिरवळीचा जो हव्यास धरला आहे, त्याविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. पावसाळ्यात शेवाळणारी आणि उन्हाळ्यात टँकर मागणारी ही हिरवळ, जेथे चार महिने डोंगरचे डोंगर आपोआप हिरवे होतात तेथे पैसे खर्चून राखावी, यात मला सौंदर्यदृष्टी दिसत नाही.

त्यापेक्षा झाडे अशी निवडावीत की ज्यांची विश्रांती पाण्याच्या टंचाईच्या महिन्यांतच पडते. पेरू हे त्याचे उत्तम उदाहरण. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात डॉ. चिमा यांनी १९२७ मध्ये निवडलेला ‘लखनौ-४९’, ज्याला आज सरदार म्हणतात, त्या पेरूला एप्रिल-मे महिन्यांत पाणी तोडले तर मृगाच्या पावसाबरोबर तो फुलतो आणि त्याची फळे हिवाळ्यात मिळतात. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूत फळमाशीच्या अळ्या सापडतात आणि गोडीही पाणचट असते, त्यामुळे हा बहर सोयीचाही आणि चवीचाही. सीताफळ उन्हाळ्यात पाने टाकून स्वस्थ उभे राहते आणि पूर्वेकडच्या मुरमाड जागी समाधानाने येते. फणस पश्चिमेकडच्या पावसाला योग्य. डाळिंबाची मात्र या तालुक्यांच्या पश्चिम भागात आस धरू नये. दमट हवेत तेल्या रोग त्याला सोडत नाही.

ज्यांना यंदा नवी झाडे लावावयाची आहेत, त्यांनी खड्डे अक्षय्यतृतीयेपूर्वी खणून ठेवावेत, कलमे शासनमान्य रोपवाटिकेतून पावती घेऊनच आणावीत, आणि घाटाकडे लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर लगेच, मुसळधारेपूर्वी उरकावी. पूर्वेकडच्या गावांनी आर्द्रा नक्षत्रापर्यंत थांबले तरी चालेल.